केळीचा घड कापायचं यंत्र बनवायचंय, बागेत काम केलेल्यांनी सांगा

लोखंडी_डोकं
मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टला केळीची कापणी करणारं छोटं यंत्र करायचं डोक्यात आहे, मजूर मिळत नाही ही ओरड सगळीकडेच ऐकतोय. चाकाच्या फ्रेमवर एक हात, तो घडाचा दांडा पकडणार, बॅटरीवरचा कटर कापणार आणि घड अलगद खाली. मित्र म्हणतो कॅमेरा लावून दांडा ओळखू. चालेल का? मापं काय धरू?

पीलबाग
भाऊ, कापायला वेळ जातच नाही हो. धार चांगली असेल तर दांडा एका घावात तुटतो. आणि सरळ उभ्या झाडावरून कोणी कापत नाही, आधी खोडाला मध्यावर खाच द्यायची, झाड घडाच्या वजनानेच हळूहळू वाकतं, खाली दुसरा माणूस खांद्यावर गादी टाकून तयार असतो, घड खांद्याला टेकला की मग दांडा कापायचा. खाच जास्त खोल गेली की झाड धाडकन येतं आणि सगळा माल ठेचला. खरं मरण पुढे आहे, २५-३० किलोचा घड घेऊन ओल्या सरीतून, ठिबकच्या नळ्या ओलांडत रस्त्यापर्यंत. यंत्र करायचंच तर वाहतुकीचं करा. आणि फळ घासलं तर तेव्हा काहीच दिसत नाही, पिकल्यावर काळा पट्टा उठतो, मग व्यापारी भाव पाडतो.

वेल्डिंगवाला
+१. पण गाडी आत जाणार कुठून? १.५ बाय १.५ मीटरवर लागवड असेल तर पानं एकमेकांत गेलेली, त्यात टेकूचे बांबू, त्यात पिलं, म्हणजे बुंध्याशी फुटणारे नवे कोंब. यंत्र लागवडीच्या दिवशीच डिझाइन होतं, नंतर नाही. जोडओळ लावून मधे रुंद पट्टा सोडला तरच चाक फिरेल. मुळं बरीचशी वरच्या फूटभर मातीतच असतात, त्यामुळे जड मशीन रोज त्याच पट्ट्यातून नेलं तर माती दबून बाग बसते, टायर रुंद आणि हवा कमी ठेवा.
हिशोब सांगतो, १० घड म्हणजे ३०० किलो, गाडी १५० धरा. मऊ मातीत वजनाच्या १५ टक्के ओढा धरला तर साधारण ६७ किलोचा जोर, माणसाच्या चालीने म्हणजे सेकंदाला १ मीटरने चाकावर साडेसहाशे वॅटच्या पुढे. गिअरमधलं नुकसान धरून १ किलोवॅटची मोटर घ्या, चढ असेल तर जास्त. घड टांगू नका, सरीवर गाडी कलंडते. फोमवर एकच थर आडवा.

दोरवाट
इक्वाडोर, कोस्टारिकाच्या मोठ्या बागांत गाडीच नसते, कमानींवर लोखंडी दोर ताणलेला, त्याला रोलर, रोलरला घड. एकच माणूस घडांची अख्खी माळ पॅकिंगपर्यंत ओढत नेतो, घड जमिनीला लागत नाही. मोटर नाही, बॅटरी नाही. मला तर हेच खरं मजूर वाचवणारं यंत्र वाटतं.

पीलबाग
मोठ्या बागेला ठीक. चार तुकड्यांत वाटलेल्या जमिनीत कमानी कुठे कुठे रोवणार? आणि तीन-चार पिकांनी बाग मोडली की सगळं उपटा.

मातीतपासणी
एक गोष्ट कोणी बोललं नाही. गाडी एका बागेतून दुसरीत भाड्याने फिरणार असेल तर चाकाला चिकटलेली माती पण फिरणार. पनामा मररोगाची बुरशी जमिनीत कित्येक वर्षं तग धरते, ग्रो मिशेल जातीचा निर्यातीचा धंदा हिनेच बसवला आणि आता हिचाच टीआर४ नावाचा प्रकार कॅव्हेंडिशच्या, म्हणजे आज निर्यातीत सगळ्यात जास्त चालणाऱ्या जातीच्या, मागे लागलाय. त्यामुळे फ्रेममधे माती अडकेल असे कोपरे, उघडे पाइप ठेवू नका, पाण्याच्या फवाऱ्याने सगळं दिसेल आणि धुता येईल असं करा. आधी माती काढा, मग जंतुनाशक. चिखलावर ब्लीच मारून काही होत नाही, त्याचा जोर मातीतच संपतो. हेच कोयत्याला पण.

लोखंडी_डोकं
बरं, कॅमेरा आणि हात दोन्ही गेले 😅 गाडीच करतो. खोड वाकल्यावर घड खांद्याऐवजी थेट गाडीच्या फोमवर उतरवता येईल का? म्हणजे उचलणंच वाचेल.

पीलबाग
येईल, पण गाडीचा तळ कमरेच्या खाली ठेवा आणि कडा उघडणारी करा. आणि ब्रेक हवाच. घड टेकताना गाडी वीतभर जरी सरकली तरी तो खाली, आणि पकडायला जाणाऱ्याच्या हातात कोयता असतो.

वेल्डिंगवाला
हँडल सोडलं की आपोआप लागणारा ब्रेक टाका, पायाचा नको, चिखलात पाय शोधत बसतो माणूस.