मदत हवी आहे: पॉलिशनंतर चांदीवर तांबूस-करडे ढग

मंडळी, ९२५ चांदीच्या ०.८ मिमी पत्र्यावर खडा धरणारी कोंदणाची पट्टी झाळली (तापवून डाग देऊन जोडली) की पॉलिश करताना तांबूस-करडे ढग वर येतात. गरम सायट्रिक आम्लात तासभर ठेवूनही जात नाहीत. चांदीतलं ७.५ टक्के तांबं पृष्ठभागाखाली ऑक्सिडाइज होतं, आम्ल तिथवर पोचत नाही. (स्टीलचा चिमटा आम्लात गेला की चांदीवर तांबं चढतं, पण माझा चिमटा तांब्याचाच आहे, तेव्हा ती शंका नको!) सवागी (टाकणखार, झाळताना लावतात तो) सध्या फक्त जोडावर लागते, बाकी पत्रा उघडाच राहतो. बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून अख्खा नग बुडवायचा, मग स्पिरिट पेटवून हवा अडवणारा पांढरा थर धरवायचा, हा उपाय माहीत आहे. पावडर-स्पिरिटचं प्रमाण काय ठेवता? एकाच नगाला तीनदा झाळ लागली तर थर दर वेळी नवा द्यायचा का? घासून काढा म्हणू नका, पट्टी जेमतेम ०.३ मिमी आहे.