वॉल्टनचं लंडन पॉलिग्लॉट (१६५७): 'कम्प्लीट' म्हणून विकतायत, तपासायचं कसं?

प्रश्न
ब्रायन वॉल्टन यांच्या बहुभाषी बायबलचा ६ खंडांचा संच लंडनमध्ये लिलावाला येतोय. वर्णनात 'कम्प्लीट' एवढंच लिहिलंय. प्रत्यक्ष पाहायला अर्धा दिवस मिळणार आहे. तेवढ्यात काय काय तपासावं? काही याद्यांत हाच संच ८ खंडांचा दाखवतात. मग यातले दोन गहाळ आहेत का?

उत्तर १
नाही, खंड ६च. बाकीचे दोन म्हणजे एडमंड कॅस्टेलचा सात भाषांचा कोश, १६६९चा. तो पुष्कळदा संचासोबत बांधलेला मिळतो, पण पुस्तक स्वतंत्र आहे. असला तर उत्तम, नसला तर संच अपुरा ठरत नाही.

आता अर्धा दिवस. प्रत्येक पान मोजत बसू नका. या ग्रंथाची मांडणीच तुमचं काम सोपं करते. समोरासमोरच्या दोन पानांवर तीच वचनं वेगवेगळ्या भाषांत विभागलेली आहेत : हिब्रू आणि तिच्या ओळींमधून लॅटिन, व्हल्गेट (चर्चचं रूढ लॅटिन भाषांतर), ग्रीक, तार्गुम (अरामी भाषांतर), सिरियाक, अरबी. म्हणून डाव्या आणि उजव्या पानावरचे अध्याय-वचनांचे आकडे जुळतात का, एवढंच बघत पुढे जा. एक पान गेलं की लागोपाठ दोन जोड्या बिघडतात, ते लगेच नजरेला येतं. सोबत पानाच्या तळाशी उजवीकडे छापलेला पुढच्या पानाचा पहिला शब्द आणि फर्म्याचं अक्षर (बाइंडरला क्रम कळावा म्हणून छापलेली खूण) पाहा.

ही युक्ती खंड १, २, ३ आणि ५ला चालते. पहिल्या खंडाची प्रस्तावना मात्र साध्या पद्धतीनेच मोजावी लागेल. खरा वेळ सहाव्या खंडाला द्या. त्यात पाठभेदांची छोटी छोटी प्रकरणं आहेत आणि पृष्ठांक पुन्हा पुन्हा १पासून सुरू होतात. बाइंडरने क्रम चुकवला असेल किंवा एखादं प्रकरण राहिलं असेल, तर ते इथेच. चौथ्यात फारसी पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तकं) आहे याची खात्री करा.

आणखी एक. ग्रंथ नऊ भाषांचा म्हणतात, पण कुठल्याही एका पुस्तकात नऊच्या नऊ नाहीत. इथिओपिक फक्त स्तोत्रसंहिता, गीतरत्न आणि नव्या करारात आहे. उत्पत्तीत ती दिसली नाही म्हणून घाबरू नका.

उत्तर २
पहिल्या खंडातल्या वॉल्टनच्या प्रास्ताविकाची शेवटची पानं नीट वाचा. लॅटिन येत नसलं तरी चालेल, एकच शब्द शोधायचाय : 'प्रोटेक्टोरे'. कागदावरचा कर माफ केल्याबद्दल मूळ छपाईत इंग्लंडचा तेव्हाचा शासक, 'लॉर्ड प्रोटेक्टर' क्रॉमवेल, याचे आभार होते. १६६०मध्ये दुसरा चार्ल्स गादीवर आला, तेव्हा ती पानं काढून राजाची स्तुती असलेली नवी घातली. पहिल्या प्रकाराला 'रिपब्लिकन' प्रत म्हणतात, दुसऱ्याला 'लॉयल'. रिपब्लिकन प्रती कमी मिळतात, म्हणून महाग. इथे पान बदललेलं असणं हा दोष नाही, तो छपाईचाच इतिहास आहे. पण विक्रेता 'रिपब्लिकन' म्हणत असेल, तर ते पान नंतर दुसऱ्या प्रतीतून आणून चिकटवलेलं नाही ना, हे शिवणीपाशी बोट फिरवून पाहा. चिकटवलेल्या पानाची कड जाड लागते.

वॉल्टनचं व्यक्तिचित्र आणि कोरीव शीर्षकपान जागेवर आहेत का तेही बघा. चित्रांच्या व्यापाऱ्यांनी अशी पानं कापून विकलेली असतात.

उत्तर ३
दोन-तीन अपुऱ्या संचांतून एक 'पूर्ण' जुळवलेला संच ओळखायला साधी मोजपट्टी पुरते. सहाही खंडांत पानाची उंची मोजा. बाइंडिंग सारखं असूनही एखाद्या खंडात पान सेंटिमीटरभर आखूड असेल, तर तो खंड दुसरीकडून आलाय. सुटं पान बदललेलं असेल तर कसरीचं भोक किंवा पाण्याचा डाग त्या पानापाशी अचानक थांबतो.

छायाप्रतीचं पान असेल तर टॉर्च आडवी धरा. खिळ्यांच्या छपाईत अक्षरं कागदात दबलेली दिसतात, लिथोग्राफीचं पान सपाट असतं. अतिनील दिव्याखाली निळसर-पांढरा चमकणारा कागद बहुधा विसाव्या शतकातला. पान फार पांढरं आणि लिबलिबीत वाटलं तर ते धुतलेलं आहे, त्यातली सरस निघून गेलीय.

मुंबई-पुण्यात ठेवणार असाल तर खंड आडवे ठेवा. एवढे जड फॉलिओ (मोठ्या आकाराचे ग्रंथ) उभे ठेवले की पानांचा गठ्ठा खाली ओढला जाऊन सांधे फाटतात. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास. चामड्याला तेल लावू नका आणि पानांत कडुनिंबाचा पाला तर मुळीच नको, डाग कायमचे पडतात.

प्रश्नकर्ता
फार उपयोगी. बोली हाताबाहेर गेली तर याच धर्तीचं दुसरं काही?

उत्तर ४
जेनोवाचं १५१६चं स्तोत्रसंहितेचं पुस्तक. संपादक जुस्तिनियानी, एकच खंड, आठ स्तंभ. २००० प्रती कागदावर छापल्या होत्या, त्यामुळे अधूनमधून बाजारात येतं. १९व्या स्तोत्राच्या समासात कोलंबसचं चरित्र छापलंय. तीच पानं सगळ्यांना हवी असतात, म्हणून पुस्तक हातात आलं की आधी तिथेच उघडा, आणि समास छाटून चरित्राच्या ओळी गेलेल्या नाहीत ना ते बघा.

अँटवर्पचा प्लांटँचा ८ खंडी संच (१५६९–७२) तुमच्या बजेटबाहेर जाईल, पण आपल्याला जवळचा तोच. गोव्याहून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी १५८०मध्ये फतेहपूर सिक्रीला अकबराला हाच दिला होता. त्यातलं एकाच गव्हाणीवर चरणाऱ्या सिंह, लांडगा, बैल आणि कोकराचं कोरीव चित्र मुघल चितारांनी उचललं. सुटा पहिला खंड मिळाला, तर तेवढ्या चित्रासाठीही घ्यावा.