कॅमेरामन तोच आहे की!

‘टेक्सास चेनसॉ’ या भयपटाचा रिमेक चकचकीत झाला आणि त्यात नवा, जाहिरातछाप कॅमेरामन आणल्याने मूळची भीती गेली, हे तुमचं म्हणणं काही पटलं नाही. चकचकीतपणाबद्दल सहमत, पण १९७४चा मूळ सिनेमा आणि २००३चा रिमेक, दोन्हींचा छायाचित्रकार एकच, डॅनियल पर्ल! मूळ सिनेमा १६ मिमीच्या अरुंद फिल्मवर, तुटपुंज्या पैशांत केलेला. त्यामुळे तो खरखरीत, घामट दिसतो.

माझ्या मते घोळ दाखवण्याच्या हव्यासात आहे. मूळ सिनेमात मुलीला आकड्याला लटकवतात तेव्हा आकडा घुसताना दिसतच नाही, तरी आपण अंग चोरतो. रिमेकमध्ये मुलगी गोळी झाडून घेते आणि कॅमेरा डोक्यातल्या भोकातून, मग व्हॅनच्या मागच्या काचेतून बाहेर सरकतो. कारागिरी अफाट (पर्लसाहेब मुरलेले आहेत), पण घाबरायचं सोडून आपण ‘हे कसं केलं असेल’ याचाच विचार करत बसतो.