व्हेरिफिकेशन फॉर्ममध्ये दारूची जुनी केस लिहायची का? (भावासाठी विचारतेय)

जेलरोडची_ताई
धाकट्या भावाचं ओझरला सरकारी नोकरीसाठी सिलेक्शन झालंय, मेडिकल पण पार पडलं, आता पोलीस व्हेरिफिकेशनचा अटेस्टेशन फॉर्म हातात आलाय. २०२२ च्या थर्टी फर्स्टला गंगापूर रोडच्या नाकाबंदीत तो पिऊन गाडी चालवताना सापडला होता, कोर्टात कबूल केलं आणि १० हजार दंड भरला. त्याच वर्षी वडील गेलेले, त्यामुळे नंतर पिणं वाढतच गेलं आणि शेवटी आम्ही त्याला पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आता दोन वर्षं होत आली, थेंब नाही. घरातले म्हणतात दंड भरला, विषय संपला, कशाला लिहितोस. त्याला मात्र लिहायचंय. मला काही सुचत नाहीये, कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

नाशिकरोडचे_काका
ताई, लिहू दे त्याला. ३४ वर्षं सरकारी नोकरी केली, आमच्याकडे एकाने मारामारीची केस लपवली होती, तीन वर्षं काम केल्यावर पोलीस स्टेशनचा रिपोर्ट आला आणि घरी बसला. लग्न झालेलं, लोन चालू. केस किरकोळ होती हो, लपवणं नडलं.

कोर्टाची_पायरी
मी वकील आहे. दंड भरला म्हणजे मिटलं हा गैरसमज रोज ऐकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली गुन्हा कबूल करून दंड भरला की ती शिक्षाच धरतात. फॉर्ममध्ये अटक झाली का, खटला चालला का, कोर्टाने दंड केला का असं सरळ विचारलेलं असतं, तिथे 'नाही' लिहिलं की खोटी माहिती दिली म्हणून वेगळं कारण मिळतं त्यांना. सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा अवतार सिंग निकाल वाचा. खरं सांगितलं तरी नोकरी द्यायलाच पाहिजे असं नाही, पण किरकोळ गुन्हा असेल तर ते माफ करू शकतात. कोर्टाच्या ऑर्डरची सर्टिफाइड कॉपी आजच काढायला टाका. ट्रीटमेंटचं फॉर्ममध्ये विचारलं असेल तर खरं लिहा, नसेल विचारलं तर आपणहून लिहायची गरज नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी जोडलेले मानसिक आजारही येतात आणि पेशंटची माहिती गुप्त ठेवणं हा त्याचा हक्क आहे.

सिडको_टू_व्हर्जिनिया
इकडे अमेरिकेत सिक्युरिटी क्लिअरन्सच्या (गोपनीय सरकारी कामासाठी लागणाऱ्या परवानगीच्या) नियमांत दारूसाठी वेगळी गाइडलाइनच आहे, 'जी' म्हणतात. पिऊन गाडी चालवणं, कामावर पिऊन येणं हे विरोधात जातं, कारण पिणारा माणूस भलतंच काही करून बसेल आणि गुपित सांभाळणार नाही ही भीती. पण प्रॉब्लेम मान्य केला, उपचार पूर्ण केले, पिणं सोडून बराच काळ गेला तर ते बाजूने धरतात. तुमच्या फॉर्मला हे लागू नाही, पण दारू सोडल्याचे कागद जपून ठेवा असं मला मनापासून वाटतं.

आजचा_दिवस
मी ९ वर्षं पीत नाही. भावाला सांगा, निकाल येईपर्यंतचे महिने अवघड जातात, एए ची (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) मीटिंग एकही चुकवू नको. आणि जॉइन झाल्यावर पहिल्या पगाराची पार्टी मागतील, तेव्हा काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेव.

जेलरोडची_ताई
सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री आईसमोर बसूनच त्याने केस नंबर आणि तारखेसकट सगळं लिहिलं. आई आधी रडली, मग तिनेच वाचून स्पेलिंग तपासलं. आज सकाळी सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टात कॉपीसाठी अर्ज टाकून आलोय.