‘बॅकअप गेला’ म्हणजे नेमके काय गेले?

प्रश्न (मडगाव):
आमच्या कार्यालयातील ईपीएबीएक्सच्या (अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंजच्या) देखभाल नोंदवहीत तंत्रज्ञाने ‘बॅकअप गेला आहे, बदलावा लागेल’ एवढेच लिहिले आहे. नोंदवही मराठीत ठेवण्याचा आमचा आग्रह आहे. ‘बॅकअप’च्या जागी ‘राखीव व्यवस्था’ लिहावे, की तो शब्द तसाच ठेवावा?

उत्तर (म्हापसा):
शब्द ठरवण्याआधी वस्तू ठरवावी लागेल, कारण छोट्या एक्स्चेंजच्या बाबतीत ‘बॅकअप’ हा शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी सर्रास वापरला जातो. वीज गेल्यावर फोन चालू ठेवणारी बॅटरी किंवा यूपीएस ही पहिली. यंत्राच्या आतील सर्किट बोर्डावर बसवलेला, यंत्रणा बंद असतानाही प्रोग्रामिंग (कोणता क्रमांक कुठे वाजावा, कोणते फोन लागू द्यावेत अशा भरून ठेवलेल्या सूचना) आणि घड्याळ सांभाळणारा छोटा सेल ही दुसरी. आणि त्याच प्रोग्रामिंगची संगणकावर किंवा मेमरी कार्डावर काढून ठेवलेली प्रत ही तिसरी. ‘राखीव व्यवस्था’ हा शब्द या तिन्हींना लागू पडतो, म्हणूनच तो नोंदवहीत निरुपयोगी आहे.

नेमके काय गेले ते लक्षणांवरून कळते. वीज जाताच सगळे फोन बंद पडत असतील, पण ती आल्यावर एक्स्टेंशनचे क्रमांक जसेच्या तसे राहत असतील, तर ‘यूपीएसची बॅटरी बसली’ असे लिहावे. उलट, वीज आल्यावर घड्याळ भलतीच वेळ दाखवते, क्रमांक कारखान्यातून आले तसे होतात आणि स्वागतकक्षात वाजायचा फोन गोदामात वाजू लागतो, असे असेल तर ‘मेमरीचा सेल उतरला, प्रोग्रामिंग उडाले’ हीच नोंद योग्य. नव्या यंत्रांत प्रोग्रामिंग वीज नसतानाही टिकणाऱ्या फ्लॅश मेमरीत असते. तिथे सेल उतरल्यावर बहुधा केवळ घड्याळ बिघडते. आणि मे महिन्यातल्या गडगडाटानंतर एकाच कार्डावरचे (एक्स्टेंशनच्या तारा जोडलेल्या सर्किटच्या पट्टीवरचे) सगळे एक्स्टेंशन मुके झाले असतील, तर त्याचा कोणत्याही बॅकअपशी संबंध नाही. तिथे ‘कार्ड जळले असावे’ असे लिहून त्या कार्डाचा क्रमांक द्यावा.

सेलचा प्रकारही नोंदवावा. पुष्कळ यंत्रांत ‘सीआर २०३२’ हा नाण्यासारखा लिथियम सेल असतो. त्यातला २० हा आकडा मिलिमीटरमधला व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तो ३ व्होल्टचा असतो आणि चार्ज होत नाही, म्हणून त्याच्यासाठी ‘चार्जिंगला लावला’ असे कोणी लिहिले असेल तर ती नोंद चुकीची समजावी. प्रोग्रामिंग रॅममध्ये, म्हणजे वीज तुटताच पुसल्या जाणाऱ्या मेमरीत, असणाऱ्या यंत्रांत मुख्य वीज चालू ठेवूनच हा सेल बदलतात, नाहीतर उरलीसुरली मेमरीही जाते. मात्र कॅबिनेट उघडे आणि आत वीज खेळती असल्यामुळे हे काम तंत्रज्ञाकडूनच, आणि आधी प्रत काढून मगच, करून घ्यावे.

पुरवणी (कळंगुट):
किनारपट्टीवरच्या ज्या गेस्ट हाउस पावसाळ्यात बंद असतात, तिथे ही अडचण ऑक्टोबरमध्ये हमखास येते. जुन्या यंत्रांत ३.६ व्होल्टचा, चार्ज होणारा निकेल-कॅडमियम सेल असतो. मेन स्विच काढून ठेवला की तो काही काळाने पुरता उतरतो, आणि जुना झालेला सेल तर गळतोही. त्यातून झिरपणाऱ्या द्रवाने बोर्डावरच्या तांब्याच्या रेघा खाल्ल्या जातात आणि तिथे हिरवट-निळी पूड धरते. म्हणून ‘सेल उतरला’ आणि ‘सेल गळला’ या दोन नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, कारण पहिल्यात सेल बदलून भागते आणि दुसऱ्यात बोर्ड साफ करून रेघा तपासाव्या लागतात.

प्रोग्रामिंग उडाल्याचा आणखी एक परिणाम आमच्याकडे बिलावर दिसतो. गोव्यात सर्वत्र ०८३२ हाच एसटीडी कोड असल्यामुळे पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लँडलाइन क्रमांक शून्य न लावता लागतात. त्यामुळे खोल्यांच्या फोनवर शून्याने सुरू होणारे क्रमांक अडवले की राज्याबाहेरचे फोन थांबतात. १५ जानेवारी २०२१पासून लँडलाइनवरून मोबाइल लावतानाही आधी शून्य लावावे लागते, तेव्हा तेही त्याच नियमात अडतात. मेमरी उडाली की हे ‘बारिंग’ आपोआप निघते आणि प्रत्येक खोलीतून कुठेही फोन लागू शकतो.

उत्तर (म्हापसा):
ही पुरवणी मोलाची आहे, आणि तिला जोडूनच ‘रीसेट’ या शब्दाचाही विचार व्हावा. काही जण यंत्र बंद करून पुन्हा चालू करण्याला रीसेट म्हणतात, तर तंत्रज्ञाच्या तोंडी त्याचा अर्थ सगळे प्रोग्रामिंग पुसून यंत्र मूळ स्थितीला नेणे असा असतो. फोनवरून सूचना देताना हा फरक फार महाग पडू शकतो. पहिल्या अर्थाने ‘बंद करून चालू करा’ आणि दुसऱ्या अर्थाने ‘मूळ स्थितीला न्या’ असेच म्हणावे, आणि दुसरी नोंद करताना प्रत कोणत्या तारखेची आहे व कुठे ठेवली आहे, हे त्याच ओळीत लिहावे.