सूट सोडा, शिवण बघा
जुनी फॅशन म्हणजे थ्री-पीस सूट आणि टाय, जळगावच्या मे महिन्यात ४५ अंशांत ते कोण घालणार, असं बरेच जण म्हणतात. सूट नको, हे मान्य. पण त्या काळाकडून घ्यायची आहे ती शिवण. मागच्या वर्षी वडिलांची जुनी सुती पॅन्ट अमळनेरच्या आमच्या टेलरकाकांकडे नेली. त्यांनी ती उलटी करून दाखवली: मागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना बोटभर जास्तीचं कापड आत सोडलेलं. पोट सुटलं की उसवायचं आणि सैल करायचं. अर्ध्या तासात मला दीड इंच मोकळी करून दिली. माझ्या रेडीमेड पॅन्टमध्ये मात्र कापड शिवणीला लागूनच कापलेलं, वाढवायला काही नाहीच.

आणि उन्हाचंच म्हणाल तर वडिलांची ही पॅन्ट बेंबीपर्यंत येते, पुढे दोन-दोन चुण्या, मांडीला सैल. भर दुपारी मोटारसायकलवर धुळ्याला गेलो तरी कापड अंगाला चिकटलं नाही. नवीन शिवायला टाकाल तेव्हा टेलरला मागे कापड सोडायला आधीच सांगा, कापून झाल्यावर उपयोग नाही.