कृषी परिषदेला जावं की नाही?

काळी माती:
परिषदेची तारीख आली की आमच्यात दोन तट पडतात. एक म्हणतो, कामाचा दिवस मोडून सत्कार आणि भाषणं कशाला ऐकायची? दुसरा आदल्या दिवसापासून वही घेऊन तयार. मी जाणाऱ्यांतला. बियाण्याची उगवण घरी तपासायला मी परिषदेतच शिकलो. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत १०० दाणे मांडायचे, गुंडाळी सावलीत ठेवायची, पाणी शिंपडत राहायचं आणि आठवड्याने उलगडून कोंब मोजायचे. सोयाबीनचे ७० भरले तर नेहमीचं प्रमाण, कमी भरले तर एकरी बियाणं वाढवायचं. हे पत्रकात आधी वाचलं होतं. पण कुठला कोंब धडधाकट धरायचा आणि कुठला सोडायचा, हे तिथल्या बाईंनी दाणे हातात देऊन दाखवलं तेव्हाच डोक्यात बसलं. तुमचं मत काय?

कोरडवाहू:
दादा, एवढं तर शेजारीही दाखवेल. माझा राग आकड्यांवर आहे. पडद्यावर हेक्टरी उतारा झळकतो. चौकशी केली तर प्लॉट चार-दोन गुंठ्यांचा, पाणी हवं तेव्हा, तण दिसलं की मजूर हजर. त्यातही कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त, म्हणून त्या जास्त पिकतात, आणि लहान तुकड्यात कडाच जास्त. त्या न वगळता गुणाकार केला की उतारा फुगतो. पावसाने २० दिवस ओढ दिली तेव्हा त्याच वाणाचं काय झालं, ते मला ऐकायचंय. फसलेला प्लॉट मात्र कुणी मांडत नाही. शिवाय मांडवाचा खर्च औषध कंपनीने उचलला असेल, तर 'फवारू नका' म्हणणार कोण?

मधलं पीक:
तक्रार रास्त आहे, पण म्हणून जायचंच नाही हे पटत नाही. रायन आणि ग्रॉस या समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी १९४३ साली अमेरिकेतल्या आयोवात संकरित मका कसा पसरला याचा अभ्यास मांडला. नव्या बियाण्याची पहिली खबर सर्वांत जास्त लोकांना विक्रेत्यांकडून लागली होती, पण पेरायचं ठरवताना शेजाऱ्याच्या शब्दाला वजन होतं. परिषदेकडून खबर घ्यावी, भरवसा बांधावर ठरवावा.

कोरडवाहू:
खबर तर मोबाईलवरही येते. इंडोनेशियात १९८९ पासून भाताच्या शेतीशाळा झाल्या, तसं काही असेल तर बोला. तिथे बेसुमार फवारणीने किडी खाणारे कोळ्यांसारखे मित्रजीव मेले आणि तपकिरी तुडतुडा ही भातावरची कीड उलट वाढली होती. शेतकरी हंगामभर दर आठवड्याला शेतात जमायचे, चुडातल्या किडी आणि मित्रकीटक मोजायचे आणि फवारायचं की नाही ते स्वतः ठरवायचे. त्याला मी कामं टाकून जाईन.

खुरपं:
तुम्ही जावं की नाही यावर भांडताय, मला तर कुणी बोलावतच नाही. निंदणी माझी, बियाणं निवडणं माझं, पण निमंत्रण जमीन ज्याच्या नावावर त्याला. ते येऊन सांगतात त्यात निम्मं गळालेलं असतं. आणि बोलावलं तरी दोन वेळची धार कोण काढणार? सकाळची धार उरकून निघता येईल आणि संध्याकाळच्या आत परतता येईल, असं काही ठेवा.

काळी माती:
ताई, हे आमच्या कुणाच्या बोलण्यातच आलं नव्हतं. गुंडाळीचं काम घरोघरी बायाच करतात, तरी त्या दिवशी समोर सगळे पुरुषच बसले होते. पुढच्या वेळी आयोजकांना हे आधीच सांगतो.
कोरडवाहू भाऊ, प्लॉट केवढा, पाण्याच्या पाळ्या किती, कडा वगळल्या का, हे विचारणारेच घरी बसले तर वक्त्याला अडवणार कोण?

कोरडवाहू:
विचारायला वेळ कुठे देतात? शेवटची दहा मिनिटं, तीही आभारात जातात. प्रश्न जेवणाआधी घ्या, आणि फसलेल्या प्लॉटवर एक सत्र ठेवा. ठरलं तर कळवा, येतो.